यज्ञेश्वराचा नेम

यज्ञेश्वर सबनीस चोविसाव्या वर्षी साधुपुरुष झाला, तो निव्वळ नाइलाजाने. उज्जैनच्या मराठी मंडळींना त्यामागचं कारण कधी कळलं नाही, म्हणून त्यांनी त्याला मनापासून नमस्कार केले आणि तोही ते मुकाट्याने घेत राहिला. हातून घडलेल्या गोष्टीची त्याला लाज वाटली होतीच, पण या नमस्कारांची जी लाज वाटली तिला तोड नव्हती.

सबनीसांचं घराणं शिंद्यांच्या फडावर लेखणी चालवत माळव्यात आलं. लेखणी पिढ्यान्‌पिढ्या चालली, पण तिच्यातून जमीनजुमला काही कुणाच्या पदरात पडला नाही. यज्ञेश्वराचे वडील ग्वाल्हेर दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते, ते लवकर गेले. मागे राहिली त्याची आई. तिला सगळे अक्का म्हणत, मुलगासुद्धा. उज्जैनला रामघाटाच्या चढावर भाड्याच्या दोन खोल्यांत अक्काने त्याला वाढवलं, मॅट्रिक केलं आणि वडिलांच्याच खात्यात चिकटवलं. बाई सोवळ्याओवळ्याची भारी कडक. दारात उभं राहून कुणी शिंकलं तरी तिला पुन्हा आंघोळ करावीशी वाटे.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. ग्वाल्हेरचा रुसवा नको आणि इंदूरचाही नको, म्हणून या राज्याला राजधान्या दोन. थंडीत कारभार ग्वाल्हेरला, उन्हाळा लागला की इंदूरला. मंत्री मोटारीने जात. फायली, टाइपरायटर आणि कारकून रेल्वेने. म्हातारे कारकून आजाराची सर्टिफिकिटं काढून घरी बसत, मग या वाऱ्या यायच्या तरण्या पोरांच्या वाट्याला. ग्वाल्हेरला त्यांची राहण्याची सोय एका जुन्या तबेल्यात केली होती. घोडे गेले होते, वास राहिला होता. संध्याकाळी कचेरी सुटली की करायचं काय, हा या पोरांपुढे मोठा प्रश्न असे.

फाल्गुनात त्यांच्यातल्या मधुकर नावाच्या कारकुनाने या प्रश्नाचं उत्तर काढलं. "चल रे, जरा गाणं ऐकून येऊ," म्हणाला. यज्ञेश्वराला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि मधुकरलाही नव्हतं. त्या घरात गाणं झालंच नाही. यज्ञेश्वरापुढे त्याच्याच वयाची एक मुलगी आली, थकलेली होती, जांभई दाबत होती. "नए हो?" एवढंच तिने विचारलं. परत येताना मधुकर शीळ घालत होता आणि यज्ञेश्वर खालमानेने चालत होता. तो पुन्हा तिकडे गेला नाही. एकदाच गेलो, असं तो पुढे स्वतःला वारंवार सांगत असे, जणू एकदा गेलेल्याला सूट असते.

चैत्रात त्याला नको त्या जागी एक व्रण उठला. दुखत नव्हता, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही असं नाही. मनावर तर इतकं घेतलं की जेवण सुटलं. पण दाखवणार कुणाला? मधुकरने एका हकिमाचं मलम आणून दिलं. ते लावलं आणि काही दिवसांत व्रण आपोआप बुजला. यज्ञेश्वराने देवाचे आभार मानले. हा रोग असाच लबाड असतो, वरून बुजतो आणि आत मुरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. अशा गोष्टी त्या काळी तरण्या पोरांना कुणी सांगत नसे. आता सांगतात असंही माझ्या ऐकिवात नाही.

लग्न आधीच ठरलेलं होतं. साहेबांचे पाय धरून त्याने उज्जैनच्या कचेरीत बदली करून घेतली आणि वैशाखात बोहल्यावर चढला. मुलगी देवासच्या शाळामास्तरांची, नाव विजया. मॅट्रिक झालेली, कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. यज्ञेश्वराला ती फार आवडली. जेवताना वाढायला ती वाकली की त्याला भूक आहे की नाही हेच समजेनासं होई. ते पहिले काही आठवडे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांनी घात केला.

आषाढ लागता लागता त्याच्या तळहातांवर तांबूस चट्टे उठले. तळपायांवरही उठले, छातीवर पुरळ आलं. आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. उज्जैनच्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. तिथला प्रत्येक डॉक्टर कुणाचा तरी मामा नाहीतर मेहुणा होता. कचेरीचं काम सांगून तो इंदूरला गेला आणि एका अनोळखी डॉक्टरसमोर मान खाली घालून बसला. डॉक्टरने हात उलटेपालटे करून पाहिले, चार प्रश्न विचारले आणि रक्त घेतलं.

"गरमी आहे, सिफिलिस," डॉक्टर म्हणाला. इंदूरच्या माणसासारखा तो अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत होता. "घबराने की बात नहीं. आता पेनिसिलिन आलंय. रोज एक सुई, पूर्ण कोर्स. मग तीन महिन्यांनी खून परत तपासू. तोपर्यंत बायकोपासून बिलकुल दूर राहायचं. शादी हुई है?"

"हो."

"कधी?"

"वैशाखात."

डॉक्टरने चष्मा काढला. "तर मग तिलाही घेऊन या. तिला लागलं असणार. एकट्याचा इलाज करून काय फायदा?"

"आणतो," यज्ञेश्वर म्हणाला. म्हणताना त्याला खरंच वाटत होतं की आणू. पण परतीच्या गाडीत फतेहाबाद येईतो त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही. विजयाच्या डोळ्यांत बघून तो काय सांगणार होता? आणि दोन खोल्यांच्या घरात बायकोपासून दूर राहायचं तरी कोणत्या कारणाने? अक्का पडद्याआड झोपे. तिच्या कानांतून काही सुटत नसे.

उपाय त्याला दुसऱ्या दिवशी अक्कानेच सुचवला, नकळत. आषाढी एकादशी तोंडावर आली होती आणि ती शेजारच्या कुसुमवहिनींना सांगत होती की यंदा चातुर्मासात मी पानावर जेवणार, घोंगडीवर निजणार. यज्ञेश्वर आतून बाहेर आला आणि म्हणाला, "अक्का, यंदा मीही चातुर्मास धरतो."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. चातुर्मासाचे नेम धरायचे ते म्हाताऱ्यांनी. नवं लग्न झालेला तरणा मुलगा दिवसातून एकदाच जेवीन, सोवळ्यात राहीन, ब्रह्मचर्य पाळीन म्हणतो, हे उज्जैनमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. "अरे, पण विजया..." असं ती म्हणू लागली आणि मग थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वारलेल्या नवऱ्याच्या तसबिरीकडे बघून तिने हात जोडले.

झालं. यज्ञेश्वराचा पाट वेगळा, पान वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडी बाहेरच्या खोलीत. कचेरीला जायच्या आधी तो दवाखान्यात सुई घेई. त्यासाठी त्याने कोर्स संपेपर्यंत इंदूरच्या कचेरीत काम लावून घेतलं होतं. घरी सांगताना मात्र, महाकाळाचं दर्शन घेऊन पहिली गाडी पकडतो म्हणे. हातावरचे चट्टे दिसू नयेत म्हणून तो तळहातांना भस्म चोळी. शिवू नका, मी नेमात आहे, असं म्हणत सगळ्यांपासून हातभर लांब राही. आपला रोग कुणाला लागू नये एवढीच त्याची धडपड. पण लांबून बघणाऱ्याला हे सगळं वेगळंच दिसणार, आणि तसंच दिसलं.

कुसुमवहिनींनी पहिल्यांदा गल्लीत सांगितलं. मग माधव नगरातल्या मराठी बायकांत बातमी गेली. भजनाला अक्काला पहिल्या पाटावर बसवू लागले. कचेरीतले वयाने मोठे लोक त्याला 'या महाराज' म्हणू लागले, आधी थट्टेने, मग थट्टा विसरून. श्रावणी सोमवारी एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दारात आली. म्हणाली, "तुमच्या हातचं भस्म लावा याच्या कपाळाला." यज्ञेश्वर दोन पावलं मागे सरकला. "नाही, नाही, मला शिवू नका," असं तो इतक्या कळवळून म्हणाला की बाईने उंबऱ्यावरच डोकं टेकलं. त्या दिवशी तो जेवला नाही. अक्काने तेही गल्लीत सांगितलं.

यात विजया कुठे होती? ती घरातच होती. नवरा अचानक घोंगडीवर गेला तेव्हा तिने काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "माझं काही चुकलं का?" तो नाही म्हणाला, भिंतीकडे बघून. नंतर तिला दिवस गेल्याचं कळलं आणि अक्काच्या आनंदाला पारावार उरला नाही. नेमाचं फळ, असं ती म्हणाली. हिशेब जमत नव्हता, दिवस नेमाच्या आधीचेच होते, पण अशा वेळी हिशेब कोण करतं?

गणपती झाले. गौरी जेवून गेल्या. एके दुपारी विजया तांदूळ निवडत बसली होती. यज्ञेश्वर समोरून गेला आणि त्याची नजर तिच्या हातांवर पडली. तिच्या तळहातांवर तांबूस चट्टे होते. अगदी तसेच. तो तिथेच खिळला.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाले असतील काही दिवस. पित्त उठलंय, अक्का म्हणतात. केसही गळून राहिलेत." तिने ताट बाजूला केलं. "तुम्हालाही असंच झालं होतं नं आषाढात?"

"मला घामोळं होतं," तो म्हणाला.

एखादं खोटं महागात पडणार हे ते बोलण्याआधीच माणसाला कळतं. हे त्यातलं होतं. तडक तो इंदूरला गेला. डॉक्टर त्याच्यावर असा भडकला की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले. "मी काय सांगितलं होतं? घेऊन या म्हणालो होतो. आणि आता ती पेटसे आहे? ऐका, नीट ऐका. इलाज नाही झाला तर मूल पोटात जाऊ शकतं, नाहीतर रोग घेऊन जन्माला येतं. आता सुया दिल्या तर दोघं वाचतील. अभी टाइम है. पण तुम्ही वाट पाहत बसलात तर टाइम तुमची वाट पाहणार नाही."

"गोळ्या देता येतील का?" यज्ञेश्वराने विचारलं. "घरी कळू न देता..."

डॉक्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेर आला.

आता सगळं त्याच्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. ते बोललं तर विजया वाचणार, मूल वाचणार. नाही बोललं तर दोघांचं काय होईल हे डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. इतकं सरळ गणित शाळेतल्या पोरालाही सुटलं असतं. यज्ञेश्वराला ते सुटत नव्हतं असं नाही, त्याला फक्त उत्तर मोठ्याने वाचायचं नव्हतं. त्याने आडमार्ग शोधले. अक्काला म्हणाला, विजया अशक्त झाली आहे, माधव नगरातल्या डॉक्टरीणबाईंकडून ताकदीच्या सुया देऊ. अक्काने ऐकूनच घेतलं नाही. "पोटुशीला सुया? काही तरीच तुझं. आमच्या वेळी कोण सुया टोचत होतं?" वैद्याचा काढा सुरू झाला.  उद्या बोलू, असं यज्ञेश्वर स्वतःशी म्हणाला. नवरात्र गेलं, दिवाळी गेली.

इकडे चट्टे काही जाईनात. अक्काने आपल्या पद्धतीने विचार केला आणि तिला कारण सापडलं. मुलगा एवढा पुण्यवान, घरात एवढं सोवळं, मग सुनेच्या अंगावर हे आलं कुठून? सुनेनेच काही तरी केलं असणार. नेमात असलेल्या नवऱ्याला ती शिवली असणार. "खरं सांग," तिने विजयाला विचारलं, "त्याच्या पानाला हात लावला होतास? घोंगडीला?"

"पहाटे थंडी पडली म्हणून एकदा अंगावर पांघरूण घातलं होतं," विजया म्हणाली.

"बघ. तरीच. नेम बाटला आणि तुझ्या अंगावर उमटला."

यज्ञेश्वर बाहेरच्या खोलीत जप करत बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. माळेवरची बोटं थांबली, पण तो उठला नाही. त्या वेळी उठायला हवं होतं हे त्याला तेव्हाही कळत होतं. लाजेने माणूस सुधारतो म्हणतात, पण यज्ञेश्वराला लाजेने नुसतं बसवून ठेवलं होतं.

दोष फेडायला अक्काने विजयाला कार्तिकस्नान लावलं. उजाडायच्या सुमारास रामघाटावर जायचं, क्षिप्रेत तीन बुड्या घ्यायच्या, घाटावरचे बापूगुरुजी सांगतील तो संकल्प म्हणायचा. पोट दिसू लागलेलं, केस विरळ झालेले, आणि ती थंडीत ओल्या लुगड्याने पायऱ्या चढून घरी येई. घाटावरच्या बायका तिच्याकडे बघून कुजबुजत. एवढा देवमाणूस नवरा, आणि बायको बघा.

कार्तिकी एकादशीला यज्ञेश्वर त्यांच्याबरोबर घाटावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नेमाचं उद्यापन होतं, ब्राह्मणभोजनाचं ठरवायचं होतं. धुकं होतं. विजया कंबरभर पाण्यात उभी होती, ओठ निळे पडले होते, एक हात पोटावर होता. पायरीवर बापूगुरुजी पळीपंचपात्र मांडून बसले होते.

"म्हणा," गुरुजी म्हणाले, "माझ्या हातून पतीच्या व्रतास बाधा झाली."

"माझ्या हातून पतीच्या व्रतास बाधा झाली," विजया म्हणाली. दात वाजत होते, पण प्रत्येक शब्द नीट उच्चारला होता. शाळामास्तरांची मुलगी ती.

"त्या दोषाची क्षमा असावी."

"त्या दोषाची..."

"नको म्हणू," यज्ञेश्वर म्हणाला.

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. अक्का कोरडं लुगडं हातात धरून उभी होती, ती वळली. यज्ञेश्वर पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आला. "अक्का, हिचा काही दोष नाही. हे अंगावर उठलंय ते माझं आहे. मला गरमी झाली होती. ग्वाल्हेरला लागली. माझ्यापासून हिला लागली. नेमबिम काही नव्हता, मी लपवत होतो."

 अक्काने आधी मुलाकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही. तिने गुरुजींकडे पाहिलं. "हळू बोल," ती म्हणाली. बापूगुरुजींनी पंचपात्रातलं पाणी विनाकारण नदीत ओतलं आणि पुन्हा भरून घेतलं.

विजया पाण्यातून वर आली. अक्काच्या हातून लुगडं घेऊन तिने अंगाभोवती लपेटलं. मग नवऱ्याच्या डोळ्यांत बघत विचारलं, "याला औषध आहे?"

"आहे. सुया आहेत. बाळही वाचतं म्हणाला डॉक्टर, सुया घेतल्या तर."

"तुम्ही घेतल्या?"

"घेतल्या."

"कधी?"

यज्ञेश्वराला इथे खोटं बोलता आलं असतं. तो बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "आषाढात," तो म्हणाला.

विजयाने ग्वाल्हेरचं काही विचारलं नाही. कोण होती, किती वेळा गेलात, का गेलात, काही नाही. आषाढ हा एकच शब्द तिने घेतला आणि तो तिच्या चेहऱ्यावर उतरताना त्याने पाहिला. मग ती म्हणाली, "तांगा बोलवा. मला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

माधव नगरात डॉक्टर विनोदिनीबाईंचा लहानसा दवाखाना होता. बाई वयस्क, आवाज करडा, आणि उज्जैनच्या निम्म्या मराठी पोरांना त्यांनीच जगात आणलेलं. ज्या माणसांपासून यज्ञेश्वर पळून इंदूरला जात होता त्यांतल्या या अगदी पहिल्या. विजयाला आत नेऊन त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, पहिली सुई तिथेच दिली. मग यज्ञेश्वराला आत बोलावलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"ठोके चांगले आहेत बाळाचे," बाई म्हणाल्या. "पण आता एकही सुई चुकवायची नाही." मग त्यांनी पेन उचललं आणि विजयाला विचारलं, "यांना कधी कळलं हे?"

यज्ञेश्वराने डोळे मिटले.

"आज सकाळीच," विजया म्हणाली. "कळल्याबरोबर मला घेऊन आले."

बाईंनी मान वर करून यज्ञेश्वराकडे पाहिलं. करडा चेहरा मवाळ झाला. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं बघते आहे. नवरे स्वतःपुरतं औषध घेतात आणि बायकोला मरू देतात. कळल्या दिवशी हात धरून आणणारा एखादाच. लाज वाटून घेऊ नका. तुमच्यासारखी माणसं थोडी."

यज्ञेश्वराने तोंड उघडलं. एवढं एक तरी खरं सांगावं असं त्याला वाटलं. विजया खाली बघून बांगडी सारखी करत होती. त्याने तोंड मिटलं. पुन्हा एकदा नमस्कार घ्यावा तसं त्याने ते कौतुक घेतलं.

उद्यापन झालं नाही. सुतक आलंय असं अक्काने गल्लीत सांगितलं. त्यासाठी तिने सागर गावचा एक चुलत दीर मारला, जो कधी जन्मालाच आला नव्हता. पुढे ती कुणाच्या घरी भजनाला गेली की मागच्या पाटावर बसे, बोलावलं तरी पुढे येत नसे. बापूगुरुजींनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. लोकांनी ठरवलं की एवढ्या कडक व्रताने प्रकृती ढासळली म्हणून यज्ञेश्वराने नेम सोडला, आणि त्यांचा आदर आणखी वाढला.

माघात मुलगी झाली. वजनाने हलकी, रंगाने फिकट, पण रडली खणखणीत. विनोदिनीबाईंनी तिचं रक्त तपासून घेतलं, वाट बघायला लावली आणि एके दिवशी, काही नाही, बरी आहे, म्हणाल्या. तिचं नाव सुलोचना ठेवलं, सगळे सुलू म्हणत. ती बरी आहे हे ऐकून यज्ञेश्वर दवाखान्याच्या मागे जाऊन रडला. विजयाच्या समोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटे.

संसार सुरू राहिला. विजया त्याला वेळेवर जेवायला वाढी, आजारी पडला तर उशाशी बसे, भांडायची वेळ आली तर भांडे. घाटावरच्या त्या सकाळबद्दल ती एक शब्द बोलली नाही. यज्ञेश्वराने मात्र दवाखान्यातलं तिचं ते वाक्य जपून ठेवलं. आज सकाळीच. कळल्याबरोबर घेऊन आले. तो स्वतःला कितीही नालायक समजत असला तरी त्या वाक्याशी आला की त्याला जरा ऊब मिळे. आपण तिला तसं वागवलं, तरी हिने आपली लाज झाकली. म्हणजे कुठे तरी हिच्या मनात आपल्याबद्दल माया आहे. कचेरीत एकटा बसला असताना, रस्त्याने चालताना, हा एवढाच विचार त्याला धरून ठेवी. लोकांच्या नमस्कारांतून त्याला काही मिळालं नाही. जे मिळालं ते या वाक्यातून.

छप्पन्न साली राज्यांची नवी रचना झाली. मध्यभारत गेलं, दोन राजधान्यांची ये-जा संपली, आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. यज्ञेश्वराचीही बदली झाली. अक्का म्हणाली, मी क्षिप्रा सोडून यायची नाही, आणि ती दोन खोल्यांत मागे राहिली. सामान बांधायच्या दिवशी सुलू बाहेर कुसुमवहिनींकडे खेळत होती. विजया जुन्या लुगड्यात पितळी भांडी गुंडाळून पेटाऱ्यात भरत होती आणि यज्ञेश्वर तिला एक एक भांडं देत होता. बरं चाललं होतं. तिने मध्येच भोपाळच्या तलावाबद्दल काही तरी विचारलं, तो काही तरी म्हणाला आणि ती हसली. तेवढ्या हसण्याने त्याला धीर आला.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा नं."

"विनोदिनीबाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तू त्यांना सांगितलंस, यांना आजच कळलं म्हणून. मी कधी बोललो नाही, पण तुझे ते उपकार मी विसरलो नाही. तू मला वाचवलंस."

विजयाच्या हातातला गडवा तसाच राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तुमच्यासाठी नाही सांगितलं मी ते," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही असं समजत होता?"

"मग?"

"बाईंनी विचारलं, तेव्हा माझ्या मनात आलं, खरं सांगितलं तर या मला काय म्हणतील? चार महिने नवरा औषध घेऊन बरा होऊन बसला आणि हिला पाण्यात बुड्या मारायला लावत होता, असल्या माणसाची ही बायको. त्यांनी माझी कीव केली असती. ती मला नको होती." तिने गडवा लुगड्यात गुंडाळला, टोकं आत खोचली. "मला लाज वाटली हो. तुमची बायको असल्याची. म्हणून खोटं बोलले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही म्हणता आलं असतं. बाहेर सुलूचा आवाज येत होता. यज्ञेश्वर भांड्यांकडे बघत बसून राहिला. त्याला धरून ठेवणारं जे एक होतं ते गेलं होतं, आणि ते कधी त्याचं नव्हतंच. मग त्याने विचारलं, "अजून वाटते?"

विजयाने जरा विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून बोलणारी ती नव्हती.

"रोज नाही वाटत," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं मागण्यासाठी तिने हात पुढे केला.